'आनंदाची बातमी' छापून आली की समजायचं, कॉमिक गेलं

पोटमाळा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११.४०

नाव घेतलंय पोटमाळा तर धागाही पोटमाळ्याचाच. आईच्या घरी रंगकाम काढलंय म्हणून वरचं सगळं सामान खाली उतरवलं तर एक पत्र्याची ट्रंक निघाली. वर बाबांच्या हॉस्पिटलची कागदपत्रं, मग नाताळची जुनी कार्डं, मग एक फाटका रेनकोट आणि तळाशी चक्क माझे व्हिझर! मोजले, ४१ निघाले. कडा तपकिरी झाल्यात, पान उलटायला गेलं की कोपरा हातात येतो, पण वास तोच. तिथेच फतकल मारून बसलो, रंगारी दोनदा विचारून गेला की साहेब, ट्रंक हलवू का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाबा तिकडे सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होते, १९७४ ते १९८० आम्ही इंग्लंडात उत्तरेकडच्या एका गावात काढली, गेलो तेव्हा मी पाच वर्षांचा, ताई आठ. 'व्हिझर अँड चिप्स' हे तिथलं साप्ताहिक कॉमिक, १९६९ साली निघालेलं, आणि त्याची गंमत अशी की एकात दोन. बाहेरचा व्हिझर, मधली पानं ओढून काढली की चिप्स, त्याला वेगळं मुखपृष्ठ वगैरे सगळं. वाचकाने ठरवायचं की आपण व्हिझ-किड की चिप-आइट. दोन्ही चालत नाही. मी सिड आणि त्याच्या अजस्र सापापायी व्हिझ-किड, ताई शायनरपायी चिप-आइट. शायनर म्हणजे तो पोरगा ज्याचा डोळा पान संपेस्तोवर काळानिळा झालाच पाहिजे. वर ह्या दोन टोळ्या एकमेकांवर धाडी घालायच्या, म्हणजे चिप्समधलं एखादं पात्र गुपचूप व्हिझरच्या चौकटीत घुसायचं, आणि ते आपण शोधायचं. मग काय, घरात अंक येतो एक आणि भावंडं दोन, दाराच्या फटीतून पडला की ताई मधली पानं काढून पळायची. वरच्या कोपऱ्यात दुकानदाराने पेन्सिलीने घरनंबर लिहिलेला असायचा, २७. अजून दिसतोय.

पण धागा काढला तो वेगळ्याच कारणाने. शेजारच्या मुलाकडे 'क्रेझी' यायचं. ते १९७६ मध्ये निघालं होतं, त्याचं मागचं कव्हर मुद्दाम दुसऱ्याच कसल्यातरी पुस्तकाचं वाटावं असं केलेलं असायचं, मास्तर आले की अंक उलटा धरायचा! तर १९७८ च्या एप्रिलात तो नाचत आला, मुखपृष्ठावर मोठ्ठी आनंदाची बातमी आहे म्हणून. बातमी काय, तर पुढच्या आठवड्यापासून क्रेझी आणि व्हिझर अँड चिप्स एकत्र. त्याला वाटलं दुप्पट मजा. मलाही वाटलं. दोनचार आठवड्यांनी त्याच्या लक्षात आलं की क्रेझीतली मोजकी पात्रं आली, बाकीची कुठे गेली कुणी सांगेना. क्रेझीचं नाव कव्हरवर आधी मोठं, मग बारीक, मग गायब.

नंतर कळलं की हा त्या धंद्याचा नियमच होता. नवं कॉमिक वाजतगाजत काढायचं, पहिल्या अंकांबरोबर फुकट खेळणं द्यायचं, खप उतरला की दुसऱ्याशी लग्न लावून द्यायचं, आणि लग्नपत्रिका हीच त्याची मयताची चिठ्ठी. बारसं, लग्न, बारावं, अन् तिन्हीला पेढे. 'शिव्हर अँड शेक' १९७४ मध्ये 'वूपी'त गेलं, वूपी १९८५ मध्ये व्हिझर अँड चिप्समध्ये, ते १९९० मध्ये 'बस्टर'मध्ये, आणि बस्टर २००० च्या जानेवारीत बंद, कारण त्याला गिळायला कुणी उरलंच नव्हतं. दर वेळी गंभीर तोंडाने एकदा तरी सांगायचं ना की बाळांनो, हे आता संपलं. नाही. आनंदाची बातमी!

जाता जाता एक तक्रार. ४१ अंक परत नजरेखालून घातले, चिप-आइटनी आमच्यावर घातलेल्या धाडी सापडतायत, पण आम्ही त्यांच्यावर घातलेली एकही नाही. आम्ही काय इतके नेभळट होतो का?

येऊ द्या तुमच्याही आठवणी.

सशस्त्र_शाकाहारी | रविवार, सकाळी ७.१५

वाचनखूण साठवली. मस्त धागा.
माझा संबंध फक्त 'डॅंडी' ह्या कॉमिकशी, तोसुद्धा मावसभाऊ सुट्टीत आला की. त्यातला डेस्परेट डॅन आठवतो का, दाढी गॅसच्या बर्नरने करणारा? आणि त्याचा तो काऊ पाय! अख्ख्या गाईचा पाय, म्हणजे पाऊल नव्हे, इंग्रजी पाय, सारण भरून भाजतात तो, घमेल्याएवढ्या भांड्यात, आणि वरच्या पापुद्र्यातून दोन शिंगं बाहेर आलेली. आजी शेजारी जपमाळ घेऊन बसलेली, तिने विचारलं हा काय खातोय रे. मी म्हटलं बटाट्याची करंजी. ती बराच वेळ चित्राकडे बघत होती, मग म्हणाली, बटाट्याला शिंगं?

टिकोजीराव | रविवार, सकाळी ८.०२

खिक्क! आजी रॉक्स.

खडूस_क्र_१ | रविवार, सकाळी ८.३०

धाग्याचं प्रयोजन कळलं नाही. दीडशे वर्षं राज्य करून गेले, आता त्यांच्या पोरांच्या चोपड्यांसाठी आपण उसासे टाकायचे? आमच्याकडे चांदोबा होता, किशोर होतं, ते कमी पडलं का? बाकी चालू द्या.

पोटमाळा | रविवार, सकाळी ९.१०

@खडूस, कमी कशाला पडेल. परत आल्यावर चांदोबा वाचूनच माझं मराठी रुळावर आलं, नाहीतर मी आजोबांना 'तू' म्हणत होतो. पण पाच ते अकरा ह्या वयात जे हाताशी होतं ते हे होतं, त्याला काय करू.

फौंटनचा_फिरस्ता | रविवार, सकाळी १०.४५

तुम्ही लोकं बीनो-डॅंडीवाले, म्हणजे विलायत रिटर्न. आम्ही मुंबईतले फुटपाथवाले, आमचं ब्रिटिश कॉमिक एकच, कमांडो. खिशात मावेल एवढं, कव्हर रंगीत आणि आत सगळं काळंपांढरं, एका पानावर दोन नाहीतर तीन चौकटी, एका अंकात एक गोष्ट सुरू होऊन संपणार, त्यामुळे मागचापुढचा अंक मिळाला नाही तरी चालायचं. आमच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण फाउंटनला आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलला जे मिळेल ते घ्यायचं, निवड वगैरे लाड नव्हते. गल्लीतल्या लायब्ररीत भाड्याने मिळायचं ते वेगळं, तिथे शेवटचं पान आहे की नाही ते आधी तपासून घ्यायचं.

जर्मन भाषा मी त्यातूनच शिकलो. आख्टुंग, डॉनरवेटर, गॉट इन हिमेल, श्वाइनहुंड. एवढ्या शब्दसंपत्तीवर एका जर्मन कंपनीच्या इंटरव्ह्यूला गेलो होतो पण वापरायची वेळ आली नाही.

१९६१ पासून निघतंय आणि अजून निघतंय बरं का. पण खडूसरावांचा मुद्दा अगदीच उडवून लावू नका. शेकडो कमांडो वाचले, वाळवंट, इटली, ब्रह्मदेश सगळीकडे फिरून आलो, गुरखा दिसायचा, कधी एखादा शीख सुभेदार, पण आपला मराठा गडी शोधून दमलो. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस आहे, यशवंत घाडगे जुलै १९४४ आणि नामदेव जाधव एप्रिल १९४५. घाडगे एकटे उरले असताना मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले, बॉम्ब टाकला, बंदुकीने लढले, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक दांड्यासारखी धरून लढले, आणि ठाणं घेतल्यावर गोळी लागून गेले. माणगावला पुतळा आहे. हे म्हणजे कमांडोच्या शेवटच्या दहा पानांसारखंच आहे की, नुसतं काढायचं होतं. माझ्या हाताला तरी असा अंक कधी लागला नाही.

खडूस_क्र_१ | रविवार, सकाळी ११.२०

@फिरस्ता, हेच म्हणत होतो. (कमांडो मीही वाचलेत. ते वेगळं.)

टिकोजीराव | रविवार, सकाळी ११.२२

पकडले गेले!

कावळेकाकू | रविवार, दुपारी २.३०

जेवणं आटपून आले. सगळे बाप्ये आपापल्या बंदुका आणि पोरांचे डोळे फोडण्यात गुंग आहेत, मुलींची कॉमिक्स होती हे कुणाला आठवेना.

माझी आत्या लंडनला होती, ती दोनतीन वर्षांतून एकदा यायची तेव्हा बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये 'बंटी'चे अंक घालून आणायची. बंटी म्हणजे मुलगा नाही हो, मुलींचं साप्ताहिक, १९५८ पासून २००१ पर्यंत चाललं. मागच्या पानावर एक बाहुली छापलेली, आतल्या कपड्यांवर, आणि बाजूला तिचे फ्रॉक, कोट, टोप्या, प्रत्येकाला खांद्याशी आणि कमरेशी दुमडायच्या पांढऱ्या पट्ट्या. कापून बाहुलीवर अडकवायचे. कागद इतका पातळ की बाहुली उभीच राहायची नाही, मग मी लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर खळीने चिकटवायची. खळ जास्त झाली की शाई फुटायची आणि बाहुलीच्या चेहऱ्यावर मागच्या पानाची अक्षरं उमटायची, माझी एक बाहुली कपाळावर उलटी अक्षरं घेऊन कित्येक वर्षं नांदली. आईने एकदा नवीन नोटीस काढली, फ्रॉक पुरे, साडी काप. कापली, पण साडीला पट्ट्या कुठे लावायच्या ते शेवटपर्यंत जमलं नाही.

आणि गोष्टी! तुम्हाला वाटत असेल बाहुल्याबिहुल्या म्हणजे गोडगोड. छे. 'टॅमी' नावाचं होतं १९७१ पासून, त्यात अनाथ मुलींना खाणीत राबवणारी बाई, दुष्ट काका, लंगडी झालेली जिम्नॅस्ट, दर आठवड्याला नवीन छळ आणि 'पुढील अंकी'. 'मिस्टी' तर सरळ भुताटकीचं, १९७८ ते ८०, दोनच वर्षं टिकलं आणि मग टॅमीत विलीन, तुमची ती आनंदाची बातमी. आता टीव्हीवरच्या सासूसुना बघते तेव्हा वाटतं हे सगळं मी दहाव्या वर्षीच वाचून बसलेय.

सशस्त्र_शाकाहारी | रविवार, दुपारी २.५०

काकू, उलट्या अक्षरांची बाहुली... दंडवत. तिच्यावर वेगळा धागा काढा.

निब_आणि_शाई | रविवार, दुपारी ४.०५

उशिरा आलोय पण मोठा प्रतिसाद आहे, वैतागू नका. मी चित्रकार आहे (म्हणजे बिलं जाहिरातींवर भागतात), आणि मला ह्या कॉमिक्सबद्दल जे वाटतं ते आठवणींपेक्षा थोडं वेगळं आहे.

'बीनो'मधले बॅश स्ट्रीट किड्स घ्या. लिओ बॅक्सेंडेल ह्या माणसाने १९५४ मध्ये काढायला सुरुवात केली, तेव्हा नाव वेगळं होतं, शाळा सुटल्याची घंटा वाजते आणि पोरं दारातून फुटतात एवढीच मूळ कल्पना. एक मोठी चौकट, त्यात पन्नासेक पोरं, प्रत्येक जण वेगळा उद्योग करतोय. सगळ्यांच्या मधे तो मास्तर, डोक्यावर चौकोनी टोपी. पुढे टोळी ठरली. विल्फ्रिडचं स्वेटर गळ्यातून वर नाकापर्यंत चढलेलं, आयुष्यात त्याची हनुवटी कुणी पाहिली नाही. मी लहानपणी भिंगाखाली ती पानं बघायचो, मुख्य विनोद झाल्यावर कोपऱ्यात एक मांजर किंवा उंदीर वेगळाच विनोद करत असायचा. तो कुणी सांगितलेला नसणार, चित्रकाराने रात्री जागून फुकट घातलेला. आणि हे सगळं रद्दीच्या कागदावर, एखाददुसऱ्या रंगात, आठवड्याने चिप्स गुंडाळायला जाणार हे माहीत असताना (खायच्या चिप्स, ताईंच्या नव्हे).

आता खरी गोष्ट. त्या पानावर त्याचं नाव नव्हतं. कुणाचंच नसायचं. डेस्परेट डॅन काढणारा डडली वॉटकिन्स हा अपवाद, त्याला सही करू द्यायचे. बाकीचे पानामागे पैसे घ्या आणि निघा, चित्र कंपनीचं, पात्र कंपनीचं, मूळ चित्रही परत नाही. बॅक्सेंडेल १९६२ मध्ये बाहेर पडला, नंतर हक्कांसाठी प्रकाशकाशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडला, १९८७ मध्ये बाहेरच्या बाहेर तडजोड झाली. तो सोडून गेल्यावर डेव्हिड सदरलँड बसले ते जवळपास साठ वर्षं तीच पोरं काढत राहिले, २०२३ मध्ये वारले. साठ वर्षं! तेवढ्यात ती पोरं एक इयत्ता पुढे गेली नाहीत. १९७७ मध्ये '२००० एडी' नावाचं कॉमिक आलं, जज ड्रेडवालं, त्यांनी लवकरच चित्रकार-लेखकांची नावं पानावर छापायला घेतली तेव्हा कुठे इतरांना जाग आली.

म्हणून धागाकर्त्यांचा मुद्दा मला दोन्हीकडून पटतो. कॉमिक मेलं ते सांगितलं नाही आणि काढलं कुणी तेही सांगितलं नाही.

मराठी_मोरू | रविवार, दुपारी ४.४०

बीनो म्हटल्यावर आठवलं, त्यातला डेनिस द मेनेस म्हणजे तो अमेरिकेतला सोनेरी केसांचा गोड मुलगाच ना? ब्रिटिशांनी ढापला की काय?

निब_आणि_शाई | रविवार, दुपारी ४.५२

नाही हो, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. दोघेही मार्च १९५१ मध्ये, अगदी एकाच दिवशी, १२ तारखेला बाजारात आले, एकमेकांचा पत्ता नसताना. ब्रिटिश डेनिस म्हणजे लाल-काळ्या पट्ट्यांचं स्वेटर, केसांचं खराट्यासारखं टोपलं, आणि १९६८ पासून नॅशर नावाचा कुत्रा ज्याचे केस मालकासारखेच. अमेरिकन डेनिसच्या हातून खोड्या होतात, आपला मुद्दाम करतो.

मराठी_मोरू | रविवार, दुपारी ४.५५

'आपला' :) खडूसराव कुठेत?

डंडीकर | रविवार, रात्री ८.२०

वाचनमात्र होतो, पण आता राहवेना. मी सध्या स्कॉटलंडात डंडीत राहतो, शिकायला आलोय. बीनो, डॅंडी, बंटी, कमांडो, वर ज्यांची नावं आलीत त्यातली निम्मी ह्याच एका गावातून, एकाच प्रकाशकाकडून, डी. सी. थॉमसन. पहिला डॅंडी ४ डिसेंबर १९३७ चा, पहिला बीनो ३० जुलै १९३८ चा. युद्धात कागद मिळेना तेव्हा दोघं आलटून पालटून निघायची, एका आठवड्यात हे, दुसऱ्यात ते. १९५० च्या सुमारास बीनोचा एकेक अंक वीस लाखाच्या घरात खपायचा.

भर हाय स्ट्रीटवर डेस्परेट डॅनचा पुतळा आहे, छाती काढून तरातरा निघालेला, बरोबर कुत्रा, आणि मागून बीनोतली खोडकर पोरगी मिनी द मिंक्स नेम धरून बसलीये. शनिवारी रात्री पबातून निघालेली मंडळी त्याच्या हनुवटीला हात लावून जातात. पावसात बघितला की बिचारा वाटतो. डॅंडी २०१२ मध्ये बरोबर पंचाहत्तरीच्या दिवशी कागदावरून बंद पडला, तेव्हा खप आठ हजारांच्याही खाली गेला होता. बीनो अजून दर आठवड्याला निघतो, सुपरमार्केटात प्लॅस्टिकच्या पिशवीत खेळण्यांसकट, इथे माझ्या घरमालकिणीचा नातू घेतो आणि खेळणं काढून अंक सोफ्यावर टाकतो, तो मी वाचतो. मास्तरांची छडी आणि डेनिसच्या बापाची सपाता केव्हाच गेली. बॅश स्ट्रीटच्या टोळीतल्या फॅटीचं नाव २०२१ पासून फ्रेडी आहे.

@खडूस, तुमच्यासाठी खास. ह्या गावाबद्दल म्हणतात की ते तीन गोष्टींवर उभं राहिलं: जूट, जॅम आणि जर्नलिझम. जूट कुठलं? बंगालचं. तेव्हा उसासे टाकायला तुमचा हक्क आमच्यापेक्षा जास्तच आहे.

खडूस_क्र_१ | रविवार, रात्री ८.४५

बरं मग डॅनच्या पुतळ्याचा फोटो टाका. चांगल्या उजेडातला.

नाशिकची_चिप | रविवार, रात्री १०.१०

पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलीने लिंक पाठवली, म्हणाली आई, मामाने तुझ्यावर धागा काढलाय.

अरे ए. पहिली गोष्ट, मी पळायचे नाही. अंक दोघांचा होता, आणि मधली पानं काढा असं अंकातच लिहिलेलं असायचं. तू रडायचास म्हणून तुला बाहेरचा भाग दिला, तो पहिल्यांदा वाचायला मिळायचा तुला.

दुसरी गोष्ट, चिप्स माझ्याकडे आहेत. सगळे नाहीत, सातआठ लोणच्याच्या बरण्यांखाली गेले आणि त्यांना तेल लागलंय, पण तीसेक असतील. तुला धाडी सापडत नाहीत कारण आम्ही तुमच्यावर घातलेल्या धाडी तुझ्या पानांत असणार आणि तुम्ही आमच्यावर घातलेल्या माझ्या पानांत असणार, एवढं साधं गणित आहे. मी तुला माझा भाग कधी बघू दिला नाही. तू बेचाळीस-पंचेचाळीस वर्षं फक्त हरलेलेच अंक सांभाळतोयस.

पोटमाळा | रविवार, रात्री १०.१४

ताई!!! तू हे मला आत्ता सांगतेस?

नाशिकची_चिप | रविवार, रात्री १०.२०

तू विचारलंस कधी? येत्या रविवारी येते आईकडे. आणते बरोबर. बघायला देईन, ठेवायला नाही.

कावळेकाकू | रविवार, रात्री १०.२२

वृत्तांत हवा! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पोटमाळा | रविवार, रात्री १०.२५

चालेल, ये. फक्त आमच्या धाडी मला स्वतःला शोधू दे, आधीच पेन्सिलीने गोल करून ठेवू नकोस.

नाशिकची_चिप | रविवार, रात्री १०.२७

केलेत. १९७७ मध्येच. पेनाने.